सहा एकरांचं चित्र आणि येळवशीची आंबील

२०१९ च्या शिवजयंतीला निलंग्यात सहा एकर रानात शिवाजी महाराज उगवले होते. कलावंत मंगेश निपाणीकर यांनी बी पेरून, पाणी देऊन, उगवलेल्या हिरवळीतून महाराजांचं चित्र साकारलं. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला त्यात फक्त कोवळं गवत दिसायचं. चित्र कळायला उंचावर जावं लागे, नाहीतर ड्रोनच्या डोळ्यांतून पाहावं लागे. त्याच कलावंताने त्याआधी याच गावात महाराजांची भलीमोठी रांगोळीही काढली होती. तोवर बाहेरच्या माणसाला निलंगा दोनच गोष्टींमुळे ठाऊक असे: १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री राहिलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि सकाळी गाड्यावर मिळणारा तिखट ‘निलंगा राइस’. त्या चित्राने तिसरी ओळख दिली. गावाचं नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं आणि गावकऱ्यांची छाती फुगली, यात वावगं काही नाही. पण गवत महिन्याभरात वाळतं. म्हणून विचारायला हवं, की एवढ्या मोठ्या कार्यक्रमानंतर गावाच्या हाती काय उरतं आणि ते उरावं यासाठी कार्यक्रमात काय असावं लागतं.

हा प्रश्न निलंग्यासारख्या गावाला चैनीचा नाही. तेरणा आणि मांजरा या दोन नद्यांच्या मधल्या रानात हे गाव वसलं आहे. दोन्ही नद्यांचा संगम तालुक्याच्या कडेला, औराद शहाजानीच्या बाजूला, कर्नाटकाच्या सीमेजवळ होतो. नदीखोऱ्यातलं गाव म्हटलं की वाटतं, पाणी मुबलक असणार; इथे मात्र नदी पावसाळ्यात वाहते आणि उन्हाळ्यात आठवते. कारभाराच्या नकाशावर तर निलंगा कायम कडेलाच राहिला. निजामाच्या राज्यात तो बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर आणि अहमदपूरसह तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरकडे आला. तीस वर्षांच्या आत जिल्ह्याचं ठिकाण दोनदा बदललेलं हे गाव. नीलकंठेश्वराचं कोरीव देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. म्हणजे एके काळी राजधानी इथून फार दूर नव्हती. आता शिकणारी मुलं लातूरला जातात, तिथून पुण्याला, आणि सणाला परत येतात. जाणाऱ्यांना कोणी अडवू नये. पण मागे राहिलेल्यांना एकमेकांसाठी करण्यासारखं काही उरतं की नाही, यावर गाव जिवंत आहे की नुसतं वसलेलं आहे, हे ठरतं.

सहा एकरांच्या चित्राला जवळचा भाऊबंद शोधायचा तर जपानच्या उत्तरेला जावं लागतं. आओमोरी प्रांतात इनाकादाते नावाचं जेमतेम आठ हजार वस्तीचं खेडं आहे. तिथे १९९३ पासून दरवर्षी भातखाचरात चित्र काढतात. रंग लावत नाहीत. वेगवेगळ्या रंगाच्या पानांच्या भाताच्या जाती ठरलेल्या जागी लावतात आणि पीक वाढेल तसं चित्र उमटत जातं. पहिली नऊ वर्षं तिथे एकच साधं चित्र होतं, जवळच्या इवाकी पर्वताचं. कोणाला त्याचं मोठं कौतुक नव्हतं. पण लावणी गावकरी आणि बाहेरून आलेले लोक चिखलात उतरून हाताने करत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करत. पुढे चित्रं गुंतागुंतीची होत गेली, वर्षाला दोन लाखांवर माणसं पाहायला येऊ लागली, आणि २०१३ मध्ये त्या खाचरांसाठी रेल्वेचं वेगळं स्थानकच झालं. २००८ मध्ये खर्च भागवायला चित्राच्या खालच्या भागात एका विमान कंपनीचं आणि एका वृत्तपत्राचं बोधचिन्ह लावलं गेलं होतं. जमिनीच्या मालकाने हरकत घेतली आणि ती रोपं उपटून टाकण्यात आली. माझ्या मते या सगळ्या कथेतलं महत्त्वाचं वाक्य हेच. ज्याची जमीन, ज्याचे हात, त्याला नाही म्हणता आलं, आणि ते ऐकलं गेलं. निलंग्याचं चित्र त्याहून भव्य होतं, कदाचित अधिक देखणंही. पण ते एकदा झालं. शिवाय त्याच्याकडे पाहणारे हजारो असले तरी ते आपलं म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पेरणारं कोणी त्यातून तयार झालं नाही.

अशी तुलना करताना लगेच वाटतं, की जपान्यांची शिस्त वेगळी, आपल्याकडे हे व्हायचं नाही. पण दरवर्षी परत येणारा, प्रत्येकाला काम लावणारा आणि एकाही फलकावर नाव नसलेला कार्यक्रम निलंग्याच्या दारातच आहे. त्याचं नाव येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर आणि धाराशिवमध्ये (पूर्वीच्या उस्मानाबादेत), नांदेडच्या काही भागात गावंच्या गावं रानात जातात. बाजार बंद, रस्ते ओस. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. तारीख इंग्रजी कॅलेंडरला जुमानत नाही. २०२४ साली ती ११ जानेवारीला आली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा आली. ज्वारी हुरड्याकडे झुकलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, आत पाच दगडांचे पांडव चुन्याने रंगवून मांडतात, आंबील शिंपडत पिकाला फेरी घालतात. मग जेवण: भज्जी, उंडे, भरीत, गव्हाची खीर आणि मडक्यातली थंडगार आंबील. भज्जी एका घरच्या रानातून होतच नाही. तुरीचे ओले दाणे एकाकडून, वाटाणा दुसऱ्याकडून, हरभऱ्याचा पाला तिसऱ्या बांधावरून आणि चिंच चौथ्याच्या झाडाची, असं केल्याशिवाय तिला चव येत नाही. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीकडे हाच सण ‘एळ्ळु अमावास्या’ म्हणून होतो. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. राज्याची हद्द १९५६ ला बदलली, खोऱ्याचं पंचांग बदललं नाही. पुण्याला गेलेली मुलं दिवाळीला येवोत न येवोत, येळवशीला येतात. या दिवसाला ना प्रायोजक ना मंच, आणि तरी तो चुकलेला कोणाला आठवत नाही.

याचं कारण भक्ती किंवा परंपरा एवढंच सांगून भागत नाही. परंपरा पुष्कळ मोडल्या. इर्जिक मोडलं, सावडीने काम करणंही जवळजवळ गेलं. ट्रॅक्टर आल्यावर एकाच्या रानात दहा जोड्या औतं घेऊन जाण्याची गरजच उरली नाही. येळवस टिकली, कारण तिच्यात प्रत्येकाला वाटा आहे आणि तो वाटा दुसऱ्या कोणाला भरता येत नाही. मंडपवाल्याला सांगून कोप उभारता येईल, पण आपल्या रानात आपली आंबील दुसरं कोण शिंपणार? कार्यक्रमाने गाव सावरतं ते गर्दीमुळे नाही, वाट्यामुळे. आणि तो वाटा ठरलेल्या दिवशी पुन्हा मागितला जाण्यामुळे.

याचा पुरावा सणापलीकडेही आहे, आणि तो कडू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तेरणेच्याच खोऱ्यातली गावं जमीनदोस्त झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन उभं राहिलं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, तर सुमारे दोन लाख घरांची जुन्या जागीच दुरुस्ती आणि मजबुतीकरण ठरलं. कंत्राटदारांनी बांधून दिलेल्या नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद होते, पण शेजार विखुरला, पार नाहीसे झाले; तिथे राहणाऱ्यांची ही तक्रार अनेक वर्षं चालली. दुरुस्तीच्या गावांत मात्र घरमालकालाच काम करून घ्यायचं होतं. हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागतं, कोपऱ्याला बांधणी कशी द्यायची, हे समजावून सांगायला स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारावर गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ तयार केल्या. यातल्या बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं. गवंड्याला प्रश्न विचारता विचारता त्यांना ग्रामपंचायतीला प्रश्न विचारता येऊ लागले. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा याच लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातला गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. आठ वर्षांपूर्वी ज्यांचं घर कोसळलं होतं, त्या दुसऱ्याला घर उभारायला शिकवत होत्या. पुनरुज्जीवन हा जड शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा.

२०१६ च्या दुष्काळाचा अनुभव मात्र मिश्र आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये सुरू झालेली ती जलदूत गाडी पावसाळ्यापर्यंत धावत होती. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ म्हणून वर्गणी गोळा केली आणि मांजरेच्या पात्राचं सुमारे १८ किलोमीटर खोलीकरण-रुंदीकरण केलं. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, मजूर, सगळ्यांनी पैसे दिले. नदीचं पात्र खरवडल्याने भूजलाचं नुकसान होऊ शकतं, असा आक्षेप जलतज्ज्ञांनी घेतला आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. पण मला त्याहून मोठी उणीव वेगळी वाटते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरलं आणि निकड ओसरली. संकटाने माणसं एकत्र आली, संकट सरल्यावर पांगली. वाटा होता, पुन्हा येणारी तारीख नव्हती.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा, की सोयाबीनला भाव नसताना कार्यक्रमांच्या गप्पा कशाला? पोरांना नोकरी हवी, आंबील नको. हे खरंच आहे, आणि कुठलाही सण सोयाबीनचा भाव रुपयाने वाढवणार नाही. पण भाव पडतो तो एकेकट्याने ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीच्या दारात उभं राहावं लागतं म्हणूनही. शेतकरी उत्पादक कंपनी, सामाईक गोदाम, बचत गट, यांतलं काहीही चालवायचं तर एकाने दुसऱ्याच्या हाती पैसा द्यावा लागतो. तेवढा विश्वास कागदावर नोंदणी करून येत नाही. तो येतो लहानसहान कामांत हिशेब चोख निघाल्यावर, वर्षामागून वर्ष.

दुसरा आक्षेप येळवशीवरच आहे, आणि तो मान्य करायला हवा. ज्याला रान आहे त्याची येळवस. भूमिहीन माणूस दुसऱ्याच्या कोपीत जेवायला जातो, आग्रहाने वाढलंही जातं, पण आमंत्रणावर जेवणारा वाटेकरी नसतो. बलुतेदारीतल्या गावात हा फरक किती खोल होता हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही. म्हणून जुना सण जसाच्या तसा गौरवून चालणार नाही. त्यातली रीत घ्यावी आणि जे कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नाही त्याला लावावी: नदीकाठ, गायरान, गावविहीर, नीलकंठेश्वराचा परिसर, दर्ग्याच्या उरुसाची वाट.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. मोठा कार्यक्रम पुढाऱ्याशिवाय होत नाही, आणि २०१९ मध्ये लातूरचं पालकमंत्रिपद निलंग्याच्याच आमदाराकडे होतं. मग लोकांचा कार्यक्रम शेवटी पुढाऱ्याचा होतोच, असं म्हणतात. होतो, पण नेहमीच नाही. याच निलंग्यात एके काळी जमणंच गुन्हा होतं. निजामाच्या गश्ती निशाण ५३ ने सभेला परवानगी सक्तीची केली होती, आणि १९३५ मध्ये इथल्या आर्य समाजाचं हवनकुंड पाडल्याचं प्रकरण पुढे हैदराबादभर गाजलं. चार माणसं एकत्र बसणं हाच तेव्हा कार्यक्रम होता आणि त्यासाठी लोक तुरुंगात गेले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, झेंडावंदन करताना आपण तो हक्क आठवतो, मग वर्षभर तो मंचावरच्या खुर्च्यांच्या रांगेला देऊन टाकतो. पुढाऱ्याला बोलवावं, जरूर बोलवावं. फक्त खर्चाचा हिशेब दुसऱ्या दिवशी चावडीवर लागला पाहिजे.

आणि ही रीत पाण्याला कशी लावायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते; त्यातली एक वेळ जानेवारीतली. येळवस त्याच सुमाराला येते आणि त्या दिवशी एरवी कधी नसतं इतकं गाव आपापल्या विहिरीपाशी असतं. तेव्हा निलंग्याच्या, औरादच्या, कासारशिरसीच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. येत्या येळवशीला आंबिलीच्या मडक्याबरोबर एक लांब दोरी न्या, टोकाला दगड बांधून विहिरीत सोडा, काठापासून पाण्यापर्यंत किती हात दोरी कोरडी राहिली ते मोजा, आणि ज्यांना रान नाही त्यांच्याकडे गावविहिरीचं मोजमाप सोपवा. संध्याकाळी परतताना सगळे आकडे शाळेच्या भिंतीवर वर्षासह लिहा, आणि पुढच्या वर्षासाठी शेजारी जागा सोडा.