मारहाण नाही, शिवीगाळ नाही, तरीही छळच? परदेशातल्या चिनी आजी-आजोबांना नेमकं काय सलतं?

मुलगा हात उचलत नाही, सून उणंदुणं बोलत नाही. जेवण, औषधं वेळेवर मिळतात. फक्त घरात आजोबांशी कुणी बोलतच नाही. याला छळ म्हणायचं का?

कॅनडातल्या टॅम आणि नेस्मिथ या संशोधकांनी चिनी ज्येष्ठांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या मदतनिसांशी बोलून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, या समाजात छळाचं मुख्य रूप म्हणजे अनादर. मात्र शारीरिक, मानसिक, आर्थिक, हेळसांड अशा पाश्चात्त्य वर्गवारीत तो दिसतच नाही.

अनादर एवढा का लागतो?

याचं मूळ 'शियाओ' या संकल्पनेत आहे. शियाओ म्हणजे आई-वडिलांप्रति कर्तव्य. या चिनी अक्षरात वर 'वृद्ध' आणि खाली 'मूल' आहे. कन्फ्युशियसच्या मते नुसतं पोटाला घालणं म्हणजे शियाओ नव्हे, मान हवा. त्यामुळे अबोला इथे साधा रुसवा राहत नाही.

अर्थात, दोन-दोन नोकऱ्या करून थकलेल्या मुलाचं गप्प राहणं म्हणजे प्रत्येक वेळी छळ नव्हे. रेषा कुठे आखायची, यावर आकडेही बदलतात. शिकागोतल्या तीन हजारांहून अधिक चिनी ज्येष्ठांच्या 'पाइन' अभ्यासात व्याख्येनुसार छळाचं प्रमाण सुमारे १४ ते २६ टक्क्यांपर्यंत गेलं.

मग तक्रार का होत नाही?

घरची अब्रू वेशीवर टांगू नये, हे चिनी माणसालाही लहानपणापासून शिकवलेलं असतं. शिवाय मूल असं वागलं तर 'संस्कार कमी पडले' हा ठपका पालक स्वतःवरच घेतात.

त्यात परावलंबित्व. इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही, बँकेचं पत्र मुलानेच वाचून दाखवायचं. (लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या काकूंना हे ओळखीचं वाटेल.)

कॅनडात कागदपत्रांचीही गाठ आहे. क्वेबेक वगळता इतरत्र आई-वडिलांना कायमचं बोलावताना मुलाला २० वर्षं त्यांच्या खर्चाची हमी द्यावी लागते. आईने घर सोडून सरकारी अर्थसाहाय्य घेतलं, तर ती रक्कम मुलाकडून वसूल होऊ शकते. पोराच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून आई गप्प बसते. खरं तर कायमस्वरूपी रहिवासाचा दर्जा मिळाल्यावर तो मुलाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. पण हे तिला तिच्या भाषेत सांगणार कोण?

विचारायचं कसं?

'तुमचा छळ होतो का?' असं थेट विचारलं की उत्तर बहुधा 'नाही' येणार. त्याऐवजी साधे प्रश्न जास्त सांगून जातात. जेवायला कुणाबरोबर बसता? बँकेचं कार्ड कुणाकडे असतं? गेल्या आठवड्यात घराबाहेर कधी पडलात?