रस्त्याचा कैवार कोणीं घ्यावा ?

शेजाऱ्याचा नांगर वीतभर बांधांत शिरला तर शेतकरी त्याच दिवशीं बोलतो. परंतु ज्या रस्त्यानें त्याचीं मुलें रोज शाळेस जातात, त्याविषयीं तो गप्प बसतो. रस्ता सर्वांचा, म्हणून त्यास कैवारी कोणीच नाहीं. असा कैवारी कसें व्हावें, हें पुण्याच्या नारायण पेठेच्या उदाहरणावरून सांगण्याचें योजिलें आहे.

ही पेठ पेशवाईंत वसली. पायीं चालणाऱ्यांच्या बेतानें पडलेल्या तिच्या गल्ल्यांतून आज मोटारी व दुचाक्या अखंड वाहतात. ११ डिसेंबर २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेनें ‘पादचारी दिन’ पाळून लक्ष्मी रस्ता नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपति चौकापर्यंत वाहनांस बंद ठेविला. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु एका पाण्यावर जसें पीक येत नाहीं, तसा एका दिवसानें रस्ता सुरक्षित होत नाहीं. त्यास बारमाही राखण लागते.

ती राखण अशी करावी. प्रथम एकच धोक्याचें ठिकाण निवडावें. आठ दिवस ठराविक वेळीं तेथें उभें राहून किती माणसें रस्ता ओलांडतात, वाहनें कोठें वेग घेतात, हें वहींत टिपावें. पदपथ टेपानें मोजावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणें तो निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें ६ फूट, मोकळा असावा. ‘रस्ता वाईट आहे’ या तक्रारीस टोलवितां येतें. ‘पदपथ ३ फूटच आहे’ हें टोलविणें कठीण.

दुसरें, मागणी नेमकी असावी. वेग दुप्पट झाला म्हणजे धडकेचा जोर चौपट होतो. म्हणून वेगास आळा घालणें हा मुख्य उपाय. मात्र आपणच मातीदगडांचा ढीग घालूं नये. अंधारांत तो दुचाकीस्वाराचा जीव घेईल. प्रमाणशीर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो, व त्यापूर्वीं सूचनाफलक लागतो.

तिसरें, अर्ज योग्य दारीं द्यावा. पेठेंतील रहिवाश्यानें क्षेत्रीय कार्यालयाकडे व वाहतूक पोलिसांकडे जावें. गांवकऱ्यानें ग्रामसभेचा ठराव करून, रस्ता ज्याच्या ताब्यांत असेल त्या जिल्हा परिषदेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जावें. अर्जावर दुकानदार, पालक व शिक्षक यांच्या सह्या असाव्या आणि पोंच घ्यावी. उत्तर न आल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें अर्जाचें काय झालें तें विचारावें. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणें बंधनकारक आहे. पुण्यांत २००६ पासून अंदाजपत्रकासाठीं नागरिकांच्या सूचना मागविण्याची पद्धत सुरू झाली. तिचाही उपयोग करावा.

हें काम चिकाटीचें आहे. परंतु अपघातानंतर चार गांवें गोळा होतात, तीं अपघातापूर्वीं एका अर्जाखालीं गोळा झालीं, तर एखादें मूल संध्याकाळीं सुखरूप घरीं येईल. कोणतें मूल वांचलें हें कोणास कळणारही नाहीं. तरी या खटपटीचें फळ तेंच होय.