घरातली प्रयोगशाळा – लेखांक ९ : आभासी वास्तवाचा विज्ञानसंच

आभासी वास्तवाचा विज्ञानसंच, म्हणजेच बाजारातला ‘व्हीआर सायन्स किट’, हा एका खोक्यात भरलेला दोन भागांचा संच असतो. एक भाग पाहण्याचा : डोळ्यांवर धरायचा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा चष्मा, त्यात सरकवायचा मोबाइल आणि त्यातले ॲप. दुसरा भाग करण्याचा : मोजपात्रे, चमचे, खायचा सोडा, रंग, दोरा आणि प्रयोगांची पुस्तिका. अमेरिकेत बिल नाय या विज्ञानप्रसारकाच्या नावाने निघालेला संच याच धर्तीचा आहे. मुले पहिल्या भागावर तुटून पडतात, तर पालकांना दुसरा भाग उपयोगाचा वाटतो. चष्मा मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो. त्यात प्रकाशशास्त्र आहे, डोळ्यांची रचना आहे, गतीचे मोजमाप आहे. शिवाय तो घरी तयार करता येतो. नागपूरच्या इतवारीसारख्या पेठेत त्यासाठी लांब जावे लागत नाही. किराणा ओळीत रोज रिकामी होणारी खोकी पुठ्ठ्याला पुरतात, सोडा आणि तुरटी तिथेच मिळते. विकत आणायची खरी वस्तू एकच, भिंगांची जोडी.

दोन डोळे, दोन चित्रे

माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये मोठेपणी सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते. लहान मुलांत ते ५० ते ५८ मिलिमीटरच्या आसपास भरते. या अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे आरशांच्या उपकरणाने दाखवून दिले. छायाचित्रणाची घोषणा त्यानंतरच्या वर्षी झाली, म्हणून त्यांनी रेषांनी काढलेली चित्रे वापरली होती. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगे वापरून उपकरण आटोपशीर केले, आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर ते घरोघर पोचले. पुढे १९३९ मध्ये व्ह्यूमास्टर हा चित्रदर्शक आला. २०१४ मध्ये गूगलने ‘कार्डबोर्ड’ काढून तेच तत्त्व पुठ्ठा आणि मोबाइलवर आणले.

दोन डोळ्यांच्या चित्रांची मेंदू कशी सांगड घालतो, हे चष्म्याशिवायही तपासता येते. दोऱ्याला चावी बांधून ती दारात डावी-उजवीकडे झुलती ठेवायची. मुलाने दोन मीटरवर उभे राहून दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि एका डोळ्यासमोर गॉगलची एकच काच धरायची. सरळ रेषेत झुलणारी चावी लंबवर्तुळात फिरताना दिसते. काळ्या काचेमागच्या डोळ्याला कमी प्रकाश मिळतो, त्याचा संदेश काही मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि त्या उशिराचा अर्थ मेंदू ‘खोली’ असा लावतो. काच दुसऱ्या डोळ्यासमोर नेली की चावी उलट दिशेने फिरू लागते. १९२२ मध्ये या परिणामाचे विवेचन करणारे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिख यांचा एक डोळा निकामी होता. त्यांना स्वतःला तो परिणाम कधी पाहता आला नाही.

भिंग मोजणे आणि चष्मा करणे

गूगलच्या पहिल्या आराखड्यात २५ मिलिमीटर व्यासाची आणि ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची बहिर्गोल भिंगे होती. हाती आलेल्या भिंगाचे नाभीय अंतर मुलांनी स्वतः मोजावे. खिडकीसमोर भिंग धरून त्यामागे पांढरा कागद पुढे-मागे करायचा. समोरच्या इमारतीचे उलटे, स्पष्ट चित्र कागदावर पडले की भिंग ते कागद हे अंतर पट्टीने मोजायचे. हा प्रयोग सूर्याकडे तोंड करून कधीही करू नये : भिंगाने गोळा केलेले ऊन कागद पेटवते आणि डोळा कायमचा अधू करू शकते.

४५ मिलिमीटर म्हणजे चष्म्याच्या भाषेत (एक मीटर भागिले नाभीय अंतर) सुमारे २२ नंबर. आजोबांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर २ असेल, तर त्याच्या काचेचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर. ती काच वापरली तर खोके अर्धा मीटर लांब करावे लागेल. घरातला चष्मा का चालत नाही, याचे उत्तर मुलांना अशा एका भागाकारात मिळते. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात भिंगांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले सूत्र इथे चौथी-पाचवीच्या मुलाच्या हातात आधी येते.

पुठ्ठ्याची पेटी करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भिंगांच्या केंद्रांमधले अंतर मुलाच्या बाहुल्यांमधल्या अंतराइतके हवे. ते मोजण्यासाठी मुलाला दूर बघायला सांगून डोळ्यांखाली पट्टी धरायची. भिंग आणि मोबाइलचा पडदा यांतले अंतर नाभीय अंतराइतके किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवायचे, आणि मधोमध उभा पुठ्ठा लावायचा, म्हणजे एका डोळ्याचे चित्र दुसऱ्याला दिसत नाही. पुठ्ठा कटरने कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे. तयार चष्म्यात भिंगे मोठ्यांच्या मापाने पक्की बसवलेली असतील, तर लहान मुलाला चित्र दुहेरी किंवा कडेला फाटलेले दिसते. मुलाला ‘नीट बघ’ म्हणण्यापेक्षा पट्टी काढणे बरे.

भिंगातून चौकटीची वही पाहिली की कडेच्या रेषा आत वाकलेल्या दिसतात. हा दोष ॲप आधीच ओळखून असते. मोबाइल चष्म्यातून बाहेर काढून पाहिल्यास पडद्यावरचे चित्र फुगीर, बाहेर वाकलेले दिसते. भिंगाचा वाकडेपणा आणि चित्राचा वाकडेपणा एकमेकांना खोडतात. चष्म्यातून चित्रावर दिसणारी ठिपक्यांची जाळीही अशीच समजावता येते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यातले निम्मे, म्हणजे आडवे ९६० ठिपके एका डोळ्याच्या वाट्याला येतात. ते ९० अंशांत पसरले, तर एका अंशात जेमतेम ११ ठिपके. निरोगी डोळा एका अंशात सुमारे ६० ठिपके वेगळे ओळखू शकतो.

मान वळलेली मोबाइलला कशी कळते

मान वळवली की चित्रही फिरते, ते मोबाइलमधल्या संवेदकांमुळे. त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, म्हणजे ‘खाली’ कुठे ते सांगतो. जायरोस्कोपमध्ये सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो; मोबाइल फिरला की तो कंपनाच्या दिशेला आडवा ढकलला जातो आणि त्यावरून फिरण्याचा वेग मोजला जातो. काही स्वस्त मोबाइलमध्ये जायरोस्कोप नसतो, म्हणून संच घेण्याआधी ते पाहून घ्यावे. तो नसेल तर दृश्य अडखळते किंवा हलतच नाही.

जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या ‘फायफॉक्स’ या मोफत ॲपमध्ये या संवेदकांचे आकडे थेट दिसतात. मुलाला फिरत्या खुर्चीवर बसवून, मोबाइल मांडीवर सपाट ठेवून, चार सेकंदांत एक फेरी या गतीने फिरवले तर आलेख १.५७ रेडियन प्रतिसेकंदाजवळ राहतो, म्हणजे सेकंदाला ९० अंश. गूगलच्या पहिल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात बटण म्हणून कडेला चुंबक होता. तो सरकला की मोबाइलमधल्या होकायंत्राचा आकडा बदलायचा आणि ॲप त्याला ‘दाबले’ असे समजायचे. फ्रिजवरचा चुंबक मोबाइलजवळ नेऊन तो बदल आजही पाहता येतो.

स्वतःची त्रिमित छायाचित्रे

ॲपमधले तयार देखावे पाहण्याआधी मुलांनी एक त्रिमित छायाचित्र स्वतः काढावे. टेबलावर पट्टी ठेवून मोबाइलने एक छायाचित्र घ्यायचे, मोबाइल न वळवता ६ सेंटिमीटर उजवीकडे सरकवायचा आणि दुसरे घ्यायचे. सरकवायचे अंतर समोरच्या सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतके असावे, हा जुना ठोकताळा : दोन मीटरला साडेसहा सेंटिमीटर, साठ सेंटिमीटरला दोन सेंटिमीटर. दृश्य स्थिर हवे, म्हणून इतवारीच्या रहदारीची छायाचित्रे फसतात. त्याऐवजी जवळच्या चितार ओळीत, मूर्तिकारांची परवानगी घेऊन, मागे-पुढे मांडलेल्या मातीच्या मूर्तींचे चित्र काढले तर खोली उत्तम येते.

दोन्ही चित्रे मोबाइलवर शेजारी मांडताना आणखी एक मोजमाप लागते. साडेसहा इंची मोबाइल आडवा धरला की पडदा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असतो. चित्रांनी अर्धा-अर्धा पडदा भरला तर त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर साडेसात सेंटिमीटर होते आणि मुलाच्या डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताण पडतो. चित्रे लहान करून हे अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास आणावे. मग डावे-उजवे मुद्दाम अदलाबदल करून पाहावे : जवळचे मागे जाते, मागचे पुढे येते.

पाहिलेले आणि केलेले

अशा संचांत ज्वालामुखी हा हमखास विषय. ॲपमध्ये शंकूच्या आकाराचा डोंगर आग ओकतो आणि टेबलावर सोडा व व्हिनेगर फसफसतात. दोन्हींत साम्य आहे ते वायूचा फेस द्रवाला वर ढकलतो एवढेच. टेबलावर आम्ल आणि सोड्याच्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिलारसात मात्र वाफ आणि इतर वायू आधीच विरघळलेले असतात, आणि वर येताना दाब कमी झाला की ते सुटतात. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडणे त्याला अधिक जवळचे.

नागपूरच्या मुलांना तिसरी बाजूही दाखवता येते. शहर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची, तर पूर्वेकडे जुने पट्टिताश्म उघडे पडतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून पसरला, थरांवर थर साचले. ॲपमधला शंकू इथे लागू पडत नाही, हे मुलांनी इतवारीतून जेमतेम काही किलोमीटरवरच्या टेकडीचा खडक पाहून स्वतः ठरवावे.

तुरटीच्या स्फटिकाचा प्रयोग मात्र ॲपशी छान जुळतो. गरम पाण्यात तुरटी विरघळेल तेवढी विरघळवून, गार होताना तळाशी आलेला एक लहान स्फटिक दोऱ्याने टांगला की आठवडाभरात आठ पृष्ठांचा स्फटिक वाढतो. ॲप त्याच्या आतल्या कणांची रचना दाखवते, जी डोळ्यांना कधीच दिसणार नाही. सपाट पृष्ठे ही त्या रचनेची बाहेर दिसणारी खूण आहे. इथे क्रम महत्त्वाचा. आधी स्फटिक, मग ॲप असा क्रम ठेवला तर मुलाकडे विचारायला प्रश्न असतात.

हाताने करण्याची परंपरा नागपूरला नवी नाही. सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत काही काळ या शहरात होते. त्यांच्या नावाचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. तिथली उपकरणे हाताळण्यासाठीच मांडलेली असतात. ‘अपूर्व विज्ञान मेळाव्या’त महापालिकेच्या शाळांतली मुले साध्या वस्तूंतून प्रयोग करून दाखवतात. घरच्या संचात अडलेला प्रश्न घेऊन अशा ठिकाणी जावे.

डोळे, वय आणि वेळ

प्रत्यक्षात जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात आणि त्यांचे भिंगही जाड होते. दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात. चष्म्यात डोळे आत-बाहेर वळतात, पण पडदा ठरलेल्या अंतरावरच राहतो. ही फारकत थकवा आणते. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, तेव्हा मळमळ होते. मेटा कंपनीने आपल्या व्हीआर उपकरणांसाठी बराच काळ १३ वर्षांची अट ठेवली होती. २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती १० वर आणली.

घरी पाच-दहा मिनिटांचे सत्र पुरे. मूल बसलेले असावे. गच्चीवर किंवा जिन्याजवळ चष्मा लावू नये. चष्म्याला डोक्याचा पट्टा नसणे लहानांसाठी चांगले, कारण हात थकले की पाहणे आपोआप थांबते. भिंगे आणि अंतर बरोबर असूनही मुलाला खोली दिसतच नसेल, तर तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंद दृष्टी असू शकते; नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

संच घेताना

ॲप बंद पडले की संचाचा पाहण्याचा भाग निरुपयोगी होतो. गूगलची शाळांसाठीची ‘एक्स्पिडिशन्स’ सेवा २०२१ मध्ये थांबली आणि कार्डबोर्डची विक्रीही त्याच वर्षी बंद झाली. आराखडे मात्र खुले असल्याने पुठ्ठ्याचा चष्मा आजही करता येतो. म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : ॲप सध्याच्या मोबाइलवर चालते का, मोबाइलमध्ये जायरोस्कोप आहे का, भिंगांतले अंतर बदलता येते का, आणि पुस्तिकेतले प्रयोग ॲपशिवाय पूर्ण होतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भिंगांची जोडी, पुठ्ठा आणि किराणा ओळीतली तुरटी ही खरेदी अधिक टिकाऊ ठरते.