काळ्या रानाची मर्जी

मुरमाड रानात पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी कुळव चालतो. भारी काळ्या रानाचा धनी मात्र चार-सहा दिवस बांधावर बसून राहतो. घाई केली तर औजार चिखलाने भरतं, बैलांचे पाय रुततात, ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरतात. ओल्यात नांगरलं तर पडणारी ढेकळं उन्हात अशी वाळतात की फोडता फुटत नाहीत. म्हणून जाणता शेतकरी मूठभर माती उचलतो, दाबून गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. गोळ्याचा भुगा झाला तर वाफसा आला. थपकन तसाच बसला तर औत घरी.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. भारी जमिनीत चिकणमातीचे कण 40 ते 60 टक्के असतात आणि त्यांतही भरणा मॉन्टमोरिलोनाइटसारख्या खनिजांचा. त्याचा एकेक कण म्हणजे पापडांची चळत. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकलं की आकसते. म्हणून पावसात चिकटणारं हेच रान एप्रिल-मेमध्ये मीटरभर खोल भेगाळतं. भेगांत वरची माती पडते, पुढच्या पावसात ती फुगते आणि खालची वर सरकते. जमीन स्वतःच स्वतःला उलटत राहते. पिकाला हे मानवतं, घराच्या भिंतींना नाही. म्हणून तर पाया मुरूम लागेपर्यंत खणतात.

घोड्याला या मातीचा जाच जास्त. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, रुतताना फाकतो आणि उपसताना मिटतो. घोड्याचा खूर अखंड, तळाशी खोलगट. चिखल त्यात गच्च बसतो, पाय उचलताना उलटी ओढ लागते, नाल निसटतो, पायाच्या शिरा ताणतात. सतत ओलीत उभ्या असलेल्या जनावराच्या तळव्याचा मऊ भाग कुजून दुर्गंधी सुटते, घोट्यांवर खपल्या धरतात. उन्हाळ्यात पुन्हा भेगेत पाय अडकून मोडण्याची धास्ती.

घोडदळाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या मराठी राज्याने पावसाळ्यात छावणी करावी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, यामागे नद्यांचे पूर होतेच. पण मला वाटतं, चिखलाचा वाटा आपण कमी धरतो. पूर ओसरला तरी तोफांचे गाडे काळ्या रानातून लगेच निघत नाहीत. शिवाजी महाराजांनी मे 1674 मध्ये चिपळूणकडच्या लष्कराला पत्र लिहून दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद दिली होती. तिकडची माती तांबडी, ही गोष्ट वेगळी. पण घोडी पावसाळाभर बसून खाणार हे त्यात गृहीतच आहे. भीमाखोऱ्यातली भीमथडी घोडी आज मुख्यतः मेंढपाळ धनगरांकडे दिसतात. तेही पावसाळा कोरड्या माळावर काढणं पसंत करतात. ओल्या चिखलात मेंढ्यांना खुरी लागते.

पिकांचं गणित याहून अवघड. मंगळवेढ्याकडचा शाळू पेरणीनंतर फारसा पाऊस नसताना या मातीतल्या ओलीवर पोसतो, ही तिची दानत. पण धरलेलं सगळं पाणी ती सोडत नाही. माती हाताला दमट लागते आणि पीक माना टाकतं. उलट पाणी तुंबलं तर मुळांना हवा मिळत नाही. विदर्भात भारी जमिनीतल्या संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या लागतो तो अशाच ठिकाणी.

कालवे आल्यावर तर या चिकट मातीची खरी परीक्षा झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी उसाला मिळू लागलं आणि काही वर्षांतच जमिनी चिबडल्या, वर मीठ फुटलं. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी 1910 च्या सुमारास नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला. पाणी बेताने द्या आणि निचरा करा, हा उपाय तेव्हापासून ठाऊक आहे. पण चर एकट्याने काढून भागत नाही. खालच्या शेजाऱ्याने वाट दिली तरच पाणी ओढ्याला लागतं, आणि त्याच्या उभ्या उसातून चर न्यायचा म्हणजे आधी भावकीची बैठक, मग तलाठी, आणि एवढ्यावर मिटलं नाही तर कोर्ट.