ह्यूम पेन्शन घ्यायला आला नव्हता

‘अरे, हे सगळे रिटायर झालेले. तिकडे कुणी विचारत नाही, म्हणून इकडे येतात. पेन्शन घ्यायला!’ फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा विषय निघाला की हे वाक्य येणारच. बालेवाडीच्या स्टँडमध्ये ते ऐकलंय, कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ऐकलंय, आणि ज्यांनी लीगचा एक सामना नव्वद मिनिटं बसून पाहिलेला नाही त्यांच्याकडून तर सर्वांत जास्त ऐकलंय. उदाहरण विचारा, नावं तयार असतात: देल पिएरो, पिरेस, त्रेझेगे. इथपर्यंत ठीक. पण मग त्याच दमात ‘आणि तो टकलू कॅनेडियन, ह्यूम, तोही त्यातलाच’ असं कुणी म्हणालं की गप्प बसवत नाही.

आधी त्या म्हणण्यात खरं काय आहे ते मान्य करून टाकू. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू हवा होता. लोकांनी टीव्ही लावावा, तिकीट काढावं यासाठीचा चेहरा. दिल्लीने देल पिएरोला आणलं, तो चाळिशीला टेकला होता. गोव्याने आणलेल्या रॉबेर पिरेसने त्या मोसमात एक्केचाळीस पूर्ण केली. मुंबईचा युंगबेरी तर दोन वर्षांपूर्वीच निवृत्ती जाहीर करून बसला होता. आपल्या पुण्याने दावीद त्रेझेगेला घेतलं. या मंडळींबद्दल कुणी ‘उतारवयात आले’ म्हणालं तर मी वाद घालणार नाही. ते नावासाठी आले होते आणि नावाचं काम त्यांनी केलं.

इएन ह्यूम त्या रांगेत कधी नव्हताच. केरळा ब्लास्टर्सचा मार्की होता गोलकीपर डेव्हिड जेम्स, वय चव्वेचाळीस आणि वर संघाचा मॅनेजरही तोच. ह्यूम त्याच संघात साधा परदेशी खेळाडू म्हणून दाखल झाला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मोसम चालू असताना, ३० ऑक्टोबरला, एकतीस पूर्ण झाली. स्ट्रायकरच्या हिशेबात हे वय कोवळं नाही, पण याला निवृत्तीचं म्हणायचं तर जगातल्या निम्म्या क्लबांना कुलूप लावावं लागेल.

‘पण इंग्लंडमध्ये त्याला भाव नव्हता ना?’ हो, उतरला होता. नाकारत कोण आहे? लेस्टर आणि बार्न्सलीकडून तो दुसऱ्या पातळीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये खेळला. बार्न्सलीने २००८ मध्ये त्याच्यासाठी १२ लाख पौंड मोजले होते. पुढे प्रेस्टन, डॉनकास्टर, फ्लीटवूड असं करत तो तिसऱ्या-चौथ्या पातळीपर्यंत खाली आला. पण खाली येणं वेगळं आणि थांबणं वेगळं. तो खेळत होता, दर शनिवारी, चिखलात, धक्के खात. भारतात आला तो थेट तिथून.

आता ‘पेन्शन’ म्हणणाऱ्यांनी कधी न पाहिलेली गोष्ट, म्हणजे लीगचं वेळापत्रक. पहिला मोसम १२ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला. दहा आठवडे. पुढचे दोन मोसमही असेच, ऑक्टोबर ते डिसेंबर. उरलेले नऊ महिने खेळाडूने काय करायचं? म्हातारपणाची सोय बघायला आलेला माणूस या काळात घरी बसला असता. ह्यूम मधल्या महिन्यांत स्पेनमध्ये जाऊन पोन्फेरादिना आणि एक्स्ट्रेमादुरा या क्लबांकडून खेळला. ही नावं आपल्याकडे कुणी ऐकलेली नसतात.

दुसरी गोष्ट नियमाची. सुरुवातीला अकरा जणांत परदेशी खेळाडू जास्तीत जास्त सहा असायचे. २०१७-१८ पासून पाच झाले, नंतर चार. म्हणजे परदेशी स्ट्रायकरची जागा ही संघातली सर्वांत महाग जागा. तिथे गोल न करणारा माणूस आठवणींसाठी ठेवणं कुठल्याच प्रशिक्षकाला परवडत नाही. आणि ह्यूमला एकदा नव्हे, मोसमामागून मोसम कुणी ना कुणी घेत राहिलं: केरळ, मग दोन वर्षं कोलकाता, पुन्हा केरळ, शेवटी पुणे.

गोलांचा हिशेब लीगच्या नोंदींत कुणालाही तपासता येईल. २०१४ मध्ये ५, २०१५ मध्ये ११, २०१६ मध्ये ७, २०१७-१८ मध्ये ५. चार मोसमांत २८. पहिल्या वर्षी ५ म्हणजे फार नाहीत असं कुणी म्हणेल, पण त्या वर्षी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं होतं. कारण तो गोल करून थांबत नसे. बचावपटूच्या अंगावर धावून जायचा, चेंडू गेला की पुन्हा मागे यायचा, मैदानाच्या दोन्ही टोकांना दिसायचा. केरळच्या प्रेक्षकांनी त्याला ‘ह्यूमेट्टन’ म्हणजे ह्यूमदादा करून टाकलं ते या धावण्यापायी. २०१५ मध्ये कोलकात्याकडून दोन हॅटट्रिक ठोकल्या आणि दोन्ही आपल्याच डोक्यावर फुटल्या, एक मुंबईविरुद्ध, एक पुण्याविरुद्ध. पुढच्या वर्षी साखळीत पहिल्या आलेल्या मुंबईची, म्हणजे दिएगो फोर्लानच्या मुंबईची, उपांत्य फेरीत कोलकात्यात ३-२ अशी जिरली. त्यात दोन गोल ह्यूमचे. परतीच्या सामन्यात मुंबईला एकही गोल करता आला नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने तरी या माणसाला ‘उतरलेला’ म्हणू नये.

तरीही पटत नसेल तर १० जानेवारी २०१८ चा दिल्लीतला सामना शोधून पाहा. केरळचा संघ तेव्हा धडपडत होता आणि ह्यूमचं वय चौतीस. सामन्यात त्याचं डोकं फुटलं. पट्टी बांधून तो परत उभा राहिला. पहिला गोल त्याने सुरुवातीलाच केला होता, मध्यंतराआधी दिल्लीने बरोबरी साधली, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत या पट्टीवाल्याने आणखी दोन मारले. ३-१. चार दिवसांनी मुंबईत येऊन पुन्हा एक गोल, सामन्यातला एकमेव. फ्री किक पटकन घेतली म्हणून मुंबईचे खेळाडू रेफरीशी भांडत राहिले, पण गोल तो गोलच.

डोक्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. ह्यूमच्या टकलावर जी लांब वळणदार खूण दिसते ती कसली स्टाइल नाही. ८ नोव्हेंबर २००८ रोजी बार्न्सलीकडून खेळताना शेफील्ड युनायटेडच्या बचावपटूचं कोपर त्याच्या डोक्यात बसलं. कवटी फ्रॅक्चर झाली, आत रक्तस्राव झाला, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रेफरीने त्या कोपराला पिवळं कार्ड दाखवलं. पिवळं! ही ऐकीव गोष्ट नव्हे, बीबीसीच्या त्या वेळच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. ‘त्या मारानंतर तो संपला’ हा आणखी एक लाडका समज. तो पुढच्याच मोसमात मैदानावर परतला आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षं खेळला. भारतातले सगळेच्या सगळे गोल त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

काही किरकोळ समजही आहेत.

‘तो मूळचा इंग्रज.’ जन्म स्कॉटलंडमध्ये एडिंबराला, लहानाचा मोठा झाला कॅनडात, ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनला, आणि राष्ट्रीय संघ कॅनडाचा: ४३ सामने, ६ गोल.

‘स्वतःचा देश सोडून पैशासाठी बाहेर गेला.’ देशात खेळणार कुठे होता? कॅनडाची स्वतःची लीग १९९२ मध्ये बंद पडली. टोरांटोचा संघ अमेरिकेच्या एमएलएसमध्ये आला २००७ साली, आणि कॅनेडियन प्रीमियर लीग सुरू झाली थेट २०१९ मध्ये. ह्यूम त्याआधीच्या पिढीतला. इंग्लंडच्या ट्रॅनमियर रोव्हर्सकडून सोळाव्या वर्षी पहिल्या संघात उतरला, कारण व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचं तर बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

‘कॅनडात फुटबॉल कोण खेळतं, तिकडे आईस हॉकी.’ टीव्हीवर हॉकी, हे खरं. पण नोंदणीकृत खेळाडूंची संख्या कॅनडाची फुटबॉल संघटना दहा लाखांच्या आसपास सांगते. आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये, पुरुष-महिला दोन्ही धरून, सर्वाधिक गोल कुणाचे? मेस्सीचे नाहीत, रोनाल्डोचे नाहीत. कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेरचे, १९०. तीही क्लबसाठी वर्षानुवर्षं खेळली ती अमेरिकेत, पोर्टलंडला.

‘एवढा चांगला होता तर वर्ल्ड कप का नाही खेळला?’ कारण १९८६ नंतर कॅनडाचा पुरुष संघ थेट २०२२ मध्ये पात्र ठरला. ऑक्टोबर २०१२ मध्ये पात्रतेची पुढची फेरी गाठायला होंडुरासमध्ये फक्त बरोबरी पुरेशी होती. कॅनडा ८-१ ने हरला. तो एक गोल ह्यूमचा होता.

‘चौतिशीनंतर परदेशी स्ट्रायकर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.’ हे गोव्यात म्हणून दाखवा. फेरान कोरोमिनास चौतिसाव्या वर्षी एफसी गोवाकडे आला आणि पहिल्याच मोसमात १८ गोल करून गेला. लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा ह्यूमचा विक्रम पुढे मोडला तोही यानेच.

‘पुण्यात येऊन त्याने काय दिवे लावले?’ फार नाही, मान्य. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा गुडघा गेला तोच मुळी बालेवाडीत, पुण्याविरुद्ध केरळकडून खेळताना. मोसम तिथेच संपला. त्या दुखण्यातून तो सावरत असतानाच पुण्याने त्याला करारबद्ध केलं, आणि २०१८-१९ च्या त्या मोसमानंतर एफसी पुणे सिटी हा संघच उरला नाही. लीगमधली संघाची जागा हैदराबादला गेली. त्याचं खापर ह्यूमवर फोडणारे भेटले की हसावं की रडावं कळत नाही.

उलट्या बाजूची एक चूक त्याच्या चाहत्यांची. २०१६ ची कोचीतली फायनल ‘ह्यूमच्या पेनल्टीवर’ कोलकात्याने जिंकली असं कौतुकाने सांगितलं जातं. सामना १-१ राहिला, शूटआउट कोलकात्याने ४-३ जिंकलं, निर्णायक पेनल्टी ज्युएल राजाने मारली. ह्यूमची केरळच्या ग्रॅहम स्टॅकने अडवली होती.