पीसी आपोआप रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा



मागच्या एप्रिलमध्ये मामींचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवालाच ना? याचा पीसी सारखा बंद पडून आपोआप चालू होतोय. दुकानवाला म्हणतोय मदरबोर्ड गेला, साडेआठ हजार लागतील."

माझा मामेभाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट सबमिशन दोन आठवड्यांवर. त्याआधी त्याच दुकानात तीन वेळा फॉरमॅट मारून झालं होतं, प्रत्येक वेळी पाचशे रुपये. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवरचं प्रोजेक्टचं फोल्डर उडालं आणि त्याने चार रात्री जागून रिपोर्ट पुन्हा टाइप केला. एवढं होऊनही पीसी रिस्टार्ट होतच होता.

शेवटी मदरबोर्ड नाही, भलतंच काहीतरी निघालं. ते शेवटी सांगतो. पण तिथपर्यंत आम्ही ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम तुमच्या घरच्या पीसीलाही लागू पडतो. यातलं बरंचसं काम स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता होतं.

सगळ्यात आधी बॅकअप

पीसी चालू होतोय तोपर्यंत महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. "डेस्कटॉप", "डाउनलोड्स" आणि "डॉक्युमेंट्स" ही तिन्ही फोल्डर्स साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात आणि फॉरमॅटमध्ये तीच जातात. दुकानात पीसी देताना "डेटा ठेवा हं" असं तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

"बंद पडतो" म्हणजे नक्की काय होतं?

डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर तो पुढचे प्रश्न विचारतोच. इथेही तसंच. साधारण चार प्रकार असतात:

१. लाइट गेल्यासारखा पटकन बंद होतो आणि लगेच स्वतःच चालू होतो. संशय: वीज, यूपीएस, एसएमपीएस.

२. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केल्यावर काही वेळाने बंद होतो. संशय: उष्णता किंवा एसएमपीएस.

३. निळा स्क्रीन येतो, मग रिस्टार्ट होतो. संशय: ड्रायव्हर, रॅम, कधी डिस्क. (विंडोज ११ च्या नव्या अपडेट्समध्ये हा स्क्रीन निळ्याऐवजी काळा झालाय, त्यामुळे काळा दिसला तरी दचकू नका.)

४. स्क्रीन आहे तसा गोठतो, माऊसही हलत नाही. संशय: डिस्क, रॅम, ग्राफिक्स ड्रायव्हर.

आता फोनमध्ये एक नोट उघडा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: किती वाजता झालं, त्या वेळी पीसीवर काय चालू होतं आणि घरात काय चालू होतं. तिसरी गोष्ट विचित्र वाटेल, पण आमची केस तिनेच सुटली. आठ-दहा नोंदी झाल्या की "कधीही होतं" असं वाटणाऱ्या गोष्टीत बऱ्याचदा पॅटर्न दिसायला लागतो.

विंडोजला विचारा, त्याने नोंद ठेवलेली असते

आधी एक सेटिंग बदला. स्टार्टमध्ये "व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज" शोधा. तिथे "स्टार्टअप अँड रिकव्हरी" खालच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" वरची टिक काढा. आता एरर स्क्रीन आला तर तो पळून जाणार नाही. फोनने त्याचा फोटो काढा. त्यावर क्यूआर कोड असेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या सर्वसाधारण मदत पानावर नेतो, त्यामुळे खरा उपयोग "स्टॉप कोड"चा. तिथे एखाद्या फाइलचं नाव दिसलं तर तेही टिपून ठेवा, बऱ्याचदा ते दोषी ड्रायव्हरचं असतं.

स्टॉप कोडमध्ये "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" असेल तर ग्राफिक्सकडे बघा. "डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर" असेल तर हार्डवेअरकडे. आणि दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्या.

मग स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधून उघडा. डावीकडे "विंडोज लॉग्ज", त्यात "सिस्टिम". इथे लाल आणि पिवळ्या खुणांची जत्रा असते. चांगल्या चालणाऱ्या पीसीतही असते, घाबरू नका. फक्त बंद पडल्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा:

• कर्नल-पॉवर ४१: अर्थ एवढाच की "मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं." ही नोंद पीसी पुन्हा चालू झाल्यावर होते. म्हणजे तो परिणाम आहे, कारण नाही. ४१ दिसला की लगेच "पॉवर सप्लाय गेला" असं ठरवू नका.

• त्याच नोंदीच्या "डिटेल्स" टॅबमध्ये बगचेककोड बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला एरर नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज तुटली किंवा पीसी पूर्ण गोठला. शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर ब्लू स्क्रीन आला होता.

• १०७४: कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रिस्टार्ट सांगितला होता. रात्रीत रिस्टार्ट होणारे बरेच पीसी "बिघडलेले" नसतात, तो विंडोज अपडेट असतो.

• डब्ल्यूएचईए-लॉगर: प्रोसेसर किंवा इतर हार्डवेअरने स्वतः चूक कळवलीय. ही गांभीर्याने घ्या.

एवढं वाचायचा कंटाळा असेल तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधा. तारखेनुसार तक्ता येतो, क्रॅशच्या दिवशी लाल फुली. फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच सुमाराला काय इन्स्टॉल झालं, हे एका नजरेत दिसतं.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर? आधी हे ठरवा

फॉरमॅट फक्त सॉफ्टवेअरचा आजार बरा करतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी ही परीक्षा घ्या.

पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये जा आणि अर्धा तास तसाच ठेवा. तिथे विंडोज चालतच नसतं. तिथेही रिस्टार्ट झाला तर विंडोजचा काही संबंध नाही, फॉरमॅटचे पैसे वाचले. नाही झाला तर मात्र हार्डवेअर निर्दोष सुटलं असं समजू नका, कारण बायोसमध्ये पीसीवर फारसा भार नसतो. पुढची पायरी म्हणजे पेनड्राइव्हवरून उबुंटू "ट्राय" मोडमध्ये चालवा, इन्स्टॉल करू नका. त्यात तासभर व्हिडिओ बघा. तिथेही बंद पडला तर हार्डवेअर.

उलट उबुंटूत ठीक आणि विंडोजच्या सेफ मोडमध्येही ठीक, पण नेहमीच्या विंडोजमध्ये पडतो, असं असेल तर ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्रॅम शोधा.

आता एकेक संशयित

उष्णता. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प या मोफत टूलने तापमान बघा. काम चालू असताना प्रोसेसर ७०-८० अंशांवर जाणं नेहमीचं आहे. ९५-१०० च्या घरात सतत राहत असेल तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतो. सोपी चाचणी: कॅबिनेटचं साइड पॅनल काढा आणि समोर टेबल फॅन लावा. तेवढ्यावर पीसी टिकला तर उत्तर मिळालं. धूळ काढताना प्लग काढून ठेवा, मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरा, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. पीसी दोन-चार वर्षं जुना असेल तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. आणि कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलं असेल तर आधी ते बाहेर काढा.

रॅम. प्लग काढून रॅम स्लॉटमधून काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी "टक" आवाज येईपर्यंत परत बसवा. दुकानात हा उपाय रोज करतात आणि अनेकदा एवढ्यावरच काम होतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून वापरून बघा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करून बघा. मग "विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक" चालवा, किंवा मेमटेस्ट-८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर ठेवा. त्यात एक जरी एरर आली तरी रॅम किंवा तिचं सेटिंग संशयास्पद आहे.

ड्रायव्हर. एका ड्रायव्हरने किती गोंधळ होऊ शकतो हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष अपडेट फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन्स ब्लू स्क्रीनमध्ये अडकली. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशीन्सचं हार्डवेअर ठणठणीत होतं. तुमचा त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधून "रोल बॅक ड्रायव्हर" करा.

डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. "गुड"ऐवजी "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं तर बाकी सगळं सोडा, आधी बॅकअप घ्या.

प्रोसेसर. हा क्वचितच दोषी असतो, पण एक अपवाद माहीत हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसर्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे क्रॅश होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्यावर मायक्रोकोड अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर यातला असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवीन बायोस नक्की टाका.

एसएमपीएस आणि वीज. हे तुमच्या मोबाइलवरून पटकन कळेल. जुना फोन २० टक्के बॅटरी दाखवत असताना कॅमेरा उघडला की धाडकन बंद पडतो, अनुभव असेलच. बॅटरीत चार्ज असतो, पण अचानक जास्त करंट मागितला की म्हातारी बॅटरी तो देऊ शकत नाही. याच कारणासाठी ॲपलने २०१७ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला होता आणि त्यावरून मोठा वाद झाला.

पीसीत हेच एसएमपीएसचं होतं. स्टिकरवर "४५० वॉट" लिहिलेला स्वस्त एसएमपीएस ब्राउझिंगला पुरतो, पण गेम सुरू होऊन ग्राफिक्स कार्डने जोर लावला की हात टेकतो. खात्रीची चाचणी एकच: मित्राकडून चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना आणा. मात्र एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

एका वेळी एकच बदल

हा नियम मोडला की सगळी मेहनत वाया जाते. रॅम पुसली, ड्रायव्हर बदलला आणि फॅनही लावला. पीसी ठीक झाला. पण कशामुळे? महिन्याने परत पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक बदल करा, दोन-तीन दिवस वापरा, नोंद करा, मग पुढचा.

मग मामेभावाच्या पीसीचं काय झालं?

व्हिडिओ कॉलवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सगळीकडे ४१, बगचेककोड शून्य. ब्लू स्क्रीन एकदाही नाही. तापमान व्यवस्थित. मी त्याला नोट लिहायला लावली. आठवड्यात नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सात सकाळी साडेसहा ते सव्वासातच्या मधल्या.

"दादा, सकाळी मी फक्त वर्ड उघडून बसलेला असतो. गेम तर रात्री खेळतो, तेव्हा काहीच होत नाही."

मागून मामांचा आवाज आला, "अरे, त्या वेळी नळाला पाणी येतं. मोटर चालू असते ना!"

मोटर सुरू होताना घरातलं व्होल्टेज क्षणभर खाली जायचं. यूपीएस लगेच बॅटरीवर जायचा. पण ती बॅटरी चार वर्षं जुनी, पूर्ण मेलेली. पूर्ण भारावर चांगला एसएमपीएससुद्धा विजेशिवाय साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. त्यामुळे पीसी बंद, आणि वीज स्थिर झाली की पुन्हा चालू. खात्री करायला पीसी काढून यूपीएसला टेबल लॅम्प लावला आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढला. दिवा त्याच क्षणी गेला. यूपीएस असून नसल्यासारखाच होता.

नवीन बॅटरी हजार रुपयांच्या आसपास आली. मदरबोर्ड अजून तोच आहे, आणि सबमिशन वेळेत झालं.

दुकानवाल्याने मुद्दाम फसवलं असंही मला वाटत नाही. त्याच्या दुकानात पाण्याची मोटर नव्हती, म्हणून तिथे पीसी दिवसभर नीट चालायचा. त्याला "सारखा बंद पडतो" एवढंच सांगितलेलं, मग त्याने अंदाजाने फॉरमॅट मारला. तुम्ही दुकानात जाल तेव्हा वेळांची नोंद, स्टॉप कोडचा फोटो आणि काय काय करून पाहिलंय त्याची यादी घेऊन जा. आणि कोणी मोठा पार्ट बदलायला सांगितला तर एकच प्रश्न विचारा: "हाच गेलाय हे कसं कळलं?" उत्तर नीट मिळालं तरच खिशात हात घाला.