जपानी गृहजीवनातील उरुशी-पात्रे : स्वरूप, निर्मिती आणि सद्यःस्थिती

प्रस्तावना :
मिसो सूपचा वाडगा, नववर्षाच्या खाद्यपदार्थांसाठी एकावर एक रचले जाणारे 'जुबाको' डबे, तबके व चॉपस्टिक्स ही जपानी घरातील पारंपरिक पात्रे होत. त्यांना सर्रास 'लाखेची भांडी' म्हटले जाते. मात्र सावंतवाडीच्या लाखकामातील लाख कीटकाच्या स्रावापासून मिळते, तर जपानी 'उरुशी' हा वृक्षाचा चीक आहे. प्रस्तुत लेखात या पात्रांचे स्वरूप, निर्मिती व आजच्या समस्या यांचा विचार केला आहे.

उरुशीचे स्वरूप :
उरुशीवृक्ष हा आंबा, काजू व बिब्बा यांच्या कुळातील आहे. त्याच्या चिकातील उरुशिओल या घटकामुळे त्वचेवर खाज व पुरळ उठते. बिब्बा उतल्यावर होणारा त्रासही याच जातीचा असतो. उरुशी केवळ पाणी उडून जाऊन वाळत नाही. चिकातील लॅकेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने उरुशिओलचे बहुवारिकीकरण घडवून आणते. त्यासाठी आर्द्रता आवश्यक असल्याने रंगवलेली पात्रे दमट कपाटात ठेवली जातात. पूर्ण कठीण झालेला थर पाणी व आम्ल यांना दाद देत नाही. मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तो खराब होतो.

निर्मितीप्रक्रिया :
इशिकावा प्रांतातील वाजिमा येथील पद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लाकडी पात्राच्या काठासारख्या नाजूक भागांवर उरुशीने कापड चिकटवतात. त्यावर 'जिनोको' ही भाजलेली डायटम माती मिसळलेले अस्तर पुनःपुन्हा देऊन घासतात. नंतर मधला व अखेरचा थर दिला जातो. अस्तराच्या या मजबुतीमुळेच झिजलेल्या वाडग्यास नव्याने थर देऊन तो पुन्हा वापरता येतो.

सद्यःस्थिती :
उरुशीवृक्ष चीक काढण्याजोगा होण्यास सुमारे 10 ते 15 वर्षे लागतात. एका हंगामात त्यापासून सुमारे 200 ग्रॅम चीक मिळतो व त्यानंतर वृक्ष तोडला जातो. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून आयात होते; देशी उरुशी प्रामुख्याने इवाते प्रांतातील जोबोजी परिसरातून येते. राष्ट्रीय वारसा असलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी तत्त्वतः देशी उरुशीच वापरावी, असे धोरण जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाने 2015 मध्ये स्वीकारले. त्यामुळे देशी चिकाची मागणी वाढली. दुसरीकडे, मायक्रोवेव्ह व भांडी धुण्याच्या यंत्रात ही पात्रे चालत नसल्याने घरातील त्यांची जागा कृत्रिम रंग दिलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्यांनी घेतली. 1 जानेवारी 2024 रोजीच्या नोतो भूकंपात वाजिमातील अनेक कार्यशाळांची हानी झाली.

समारोप :
वास्तूंच्या दुरुस्तीमुळे चीक काढण्याच्या व्यवसायास आधार मिळाला; परंतु पात्रनिर्मितीचे कौशल्य त्यातून आपोआप टिकत नाही. लाकूड कातणारा, अस्तर देणारा व अखेरचा थर चढवणारा हे स्वतंत्र कारागीर असून त्यांपैकी एकाचे काम थांबले तरी संपूर्ण साखळी खंडित होते. म्हणून या कलेचे जतन वस्तुसंग्रहालयापेक्षा घरातील दैनंदिन वापरावरच अधिक अवलंबून आहे, असे म्हणावे लागते.